तळ्याचे जाणकार



गेल्या उन्हाळ्यात वरठीतील माझ्या दवाखान्यात एक गृहस्थ आपल्या वडिलांना घेऊन आले. वय ऐंशीच्या पुढे. पिढीजात मासेमारी करणारे ढीवर, गाव सोडून स्थानकाजवळ मुलाच्या घरी राहावयास आलेले. "डॉक्टरसाहेब, बाबा दिवसभर गप्प बसून असतात," मुलाची तक्रार. ऐकू येणे, थायरॉईड, बी-१२ तपासले. मौनाचा उलगडा होईना. सहज विचारले, "बाबाजी, तुमच्या तलावात पूर्वी काय काय उगवे?" आणि बाबाजी बोलू लागले. चिला, परसूड, देवधान. कोणत्या वनस्पतीच्या आडोशाला कोणता मासा थांबतो. मुलाने हे प्रथमच ऐकले. बाहेर रुग्ण खोळंबले होते, हेही खरे.

हा प्रश्न मी उसना घेतला आहे. आपल्या भंडारा-गोंदिया भागात मनीष राजनकर यांनी पतिराम तुमसरे यांच्यासारख्या ढीवर जाणकारांना असेच विचारत तलावांचा अभ्यास केला. हिरवळ आणि कारंजी म्हणजे भूदृश्यरचना नव्हे. ती पाहावी कोहळींनी बांधलेल्या तलावांत. पाळ, पाणी सोडण्याचे तुडुम, जादा पाणी वाहून नेणारी सलंग: उताराचा अचूक अंदाज त्यामागे आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले, देखभाल सुटली, बेशरम माजली. राजनकर आणि गावकऱ्यांनी काही तलावांतील बेशरम उपटली, कोरडा तळ नांगरला, पावसानंतर देशी पाणवनस्पती लावल्या. त्यात ढीवर स्त्रियाही पुढे होत्या. देशी मासे आणि पक्षी परतू लागले. नकाशा म्हाताऱ्यांच्या स्मरणात होता; कोणी विचारले, म्हणून तो हाती आला.

आपल्या घरातील ज्येष्ठांना तळ्याकाठी न्या. पासष्टीनंतरही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम जागतिक आरोग्य संघटना सुचवते. जेवढे झेपेल तेवढ्यापासून आरंभ करावा. वही सोबत असू द्या, सांगतील ती नावे लिहून घ्या. मात्र मौनासोबत भूक, झोप उडाली असेल किंवा "आता जगून काय करायचे" असे शब्द तोंडी येत असतील, तर फिरण्यावर न थांबता लगेच डॉक्टरांना गाठा.

पाळ ओली असताना काठी आणि सोबती हवाच. मधुमेह असणाऱ्यांनी चिखलात अनवाणी उतरू नये. घरी परतल्यावर तळपाय आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहाव्यात. बाबाजींना हे सांगितले, तर ते हसले, "अनवाणी नाही, तर तळ्यात उतरायचे कसे?" शेवटी काठावर बसून सांगायचे आणि नातवाने पाण्यात उतरायचे, असे ठरले.