पाहावे, परंतु स्पर्श करू नये

दिल्लीच्या करोल बागेतील मराठी कुटुंबाला समुद्र रोज दिसत नाही. सुट्टीत कोकणात गेल्यावर मात्र मालवणच्या समुद्रात त्याला जिवंत प्रवाळ पाहता येते. तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खाली पाहणे म्हणजे स्नॉर्केलिंग. पाठीवर हवेची टाकी बांधून खोल उतरणे म्हणजे स्कूबा डायव्हिंग.

या सागरी परिसराला १९८७ साली अभयारण्य घोषित करण्यात आले. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आहे. उपजीविका बुडेल या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी त्यास विरोध केला. आज त्याच किनाऱ्यावरील अनेक तरुणांना पर्यटनातून रोजगार मिळतो. म्हणून अशा पर्यटनावर बंदी घालणे योग्य ठरणार नाही.

तथापि प्रवाळ म्हणजे निर्जीव खडक नव्हे. ती असंख्य चिमुकल्या प्राण्यांची वसाहत असते. तिची वाढ अतिशय मंद असते. पायाच्या धक्क्याने किंवा होडीच्या नांगराने क्षणात मोडलेला भाग भरून येण्यास वर्षे लागतात. समुद्राचे पाणी तापल्यामुळे प्रवाळ पांढरे पडते, हे संकट एका गावाला टाळता येणार नाही. परंतु धक्का आणि नांगर निश्चित टाळता येतात.

यासाठी पाण्यात उतरण्यापूर्वी प्रत्येक पर्यटकाला समजेल अशा भाषेत सूचना देणे बंधनकारक असावे. होड्या बांधण्यासाठी प्रवाळांपासून दूर कायमची सोय असावी. प्रवाळ नष्ट झाले, तर त्यांच्या आश्रयाने वाढणारी मासळी घटेल आणि पर्यटकही येईनासे होतील. मग मच्छीमाराच्या घराचे दोन्ही आधार एकदमच तुटतील.