दोष छपाईचा नाही

बंदुकीवर बुडवून चढवलेली कॅमोफ्लाज नक्षी म्हणजे नुसतं स्टिकर, दोन पावसाळ्यांत तिचे पोपडे निघणार, असं दिल्लीतले जुने बंदूकधारक छातीठोकपणे सांगतात. याच्या अगदी उलट दावा असतो विकणाऱ्यांचा: एकदा हायड्रो डिपिंग करून घ्या, मग आयुष्यभर तेलाची बाटली उघडायला नको. मला दोन्ही मतं अमान्य आहेत, आणि दुसरं अधिक घातक वाटतं, कारण त्यावर विसंबून चांगल्या बंदुका गंजतात.

आधी पहिला आक्षेप. पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या फिल्मवर नक्षी छापलेली असते. साधारण 30 अंशांच्या कोमट पाण्यावर ती अंथरतात, वरून अ‍ॅक्टिव्हेटर फवारला की शाई सुटून तवंगासारखी पसरते. मग दस्ता तिरका धरून सावकाश खाली सोडायचा. पाण्याच्या दाबाने नक्षी प्रत्येक खाचेत बसते. बाहेर काढून बुळबुळीत थर धुवायचा, वाळवायचं आणि वर क्लिअर कोट मारायचा. म्हणजे हाताला लागतो तो क्लिअर कोट. शाईचा थर जेमतेम काही मायक्रॉनचा, आणि तो खालचा रंग आणि वरचा क्लिअर कोट यांच्या मध्ये सुरक्षित असतो. शंका असेल तर निघालेला पोपडा उलटा करून बघा. त्याच्या पाठीला प्रायमर चिकटून आलेला असेल आणि खालचा धातू लख्ख दिसत असेल, तर कारागिराने तेल नीट काढलं नव्हतं किंवा पॉलिश पेपर मारण्यात कुचराई केली होती. नक्षी शाबूत असताना वरचाच थर पिवळा पडून सुटत असेल, तर क्लिअर कोट उन्हाला न टिकणारा, हलका वापरला. दोन्हींत फिल्म निर्दोष आहे.

शिकारीवर वन्यजीव कायद्याने बंदी आहे, मग कॅमोफ्लाज हवंच कशाला, असंही विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण तो आवडीचा झाला, टिकाऊपणाचा नव्हे.

आता 'आयुष्यभर'वाल्यांकडे वळू. दिल्लीत मे-जूनमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो, राजस्थानकडून येणारी धूळ प्रत्येक फटीत शिरते, जुलै-ऑगस्टमध्ये हवा ओलीचिंब होते आणि जानेवारीत धुकं. पोलादी नळीवरच्या रंगाला एक बारीक ओरखडा गेला की ओल आत शिरते आणि गंज रंगाखालून पसरत जातो. उघड्या पोलादावरचा गंज निदान दिसतो, तेलाच्या फडक्याने पुसता येतो. इथे फुगवटा आल्यावरच कळतं. त्यात बंदूक साफ करायची रसायनं आणि डीईईटी असलेलं डासांचं मलम लागलेला हात, दोन्ही क्लिअर कोटला मऊ करतात.

मेहरौलीचा लोहस्तंभ पाहा, त्याला कोण रंग लावतं, हा या वादातला आवडता दाखला. तो पुरता पाहिला तर मात्र उलटंच सांगतो. सहा टनांहून जड, सोळाशे वर्षांचा हा स्तंभ आवरणामुळेच टिकला. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवलं, की लोखंडातल्या फॉस्फरसच्या जास्त प्रमाणामुळे त्यावर गंजाचाच एक पातळ, घट्ट, रक्षण करणारा थर जमला. आणि या थरालाही माणसांचा स्पर्श मानवला नाही. पाठ टेकून उलट्या हातांनी स्तंभाला मिठी मारायच्या खेळाने तो भाग घासून चकचकीत झाला, म्हणून 1997 मध्ये कुंपण घालावं लागलं. सोळाशे पावसाळे सोसलेलं आवरण जर हाताने झिजतं, तर रोज पकडल्या जाणाऱ्या दस्त्यावरचा क्लिअर कोट झिजणारच. तो झिजेल हे धरूनच काम करायला हवं.

म्हणून माझं म्हणणं असं: लाकडी किंवा प्लास्टिकचा दस्ता खुशाल डिप करा. नळी ब्ल्यूइंगच्या निळसर-काळ्या थरावर, तेलाच्या हाताखालीच राहू द्या. रंगच हवा असेल तर सेराकोटसारखा भट्टीत पक्का होणारा लेप घ्या. नळीच्या आत, चापाच्या यंत्रणेत किंवा सरकणाऱ्या भागांवर कुठलाही थर जाता कामा नये. दस्ता सुटा करून द्यावा. अख्खी बंदूक करोल बागेतल्या मोटारसायकल सजवणाऱ्याकडे सोपवणं बेकायदा आहे: 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 प्रमाणे दुरुस्ती आणि हस्तांतरण परवान्याशिवाय होत नाही, आणि कलम 8 प्रमाणे ओळख क्रमांक मिटवणं गुन्हा आहे. जाड रंगाखाली क्रमांक बुजवून घेऊ नका.

काम देण्याआधी कारागिराकडून त्याच साहित्यावर, त्याच रंगांचा एक तुकडा डिप करून मागा. आठवड्याने ब्लेडने त्यावर उभ्या-आडव्या बारीक रेघा मारा, चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटकन ओढा. चौकटीतले तुकडे पट्टीसोबत आले तर दस्ता देऊ नका, दर कितीही कमी असो. तुकडा द्यायलाच जो कारागीर नकार देतो, त्याच्याकडे तर चिकटपट्टीपर्यंत जायचीही गरज नाही.