दोनशे ब्याऐंशी मार्क



निकाल लागले की चौकात फ्लेक्स चढतात. शहाण्णव टक्के, सत्त्याण्णव टक्के, खाली क्लासवाल्याचा फोन नंबर. आणि आपला पोट्टा पंचावन्न टक्के घेऊन, मान खाली घालून घरी येतो. आपण नालायक आहोत असं त्याला वाटतं. कोणी शिकवलं त्याला हे?

त्यासाठी यवतमाळहून मुंबईला, एल्फिन्स्टन हायस्कूलच्या दारात जाऊ. मोठी नावाजलेली शाळा. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा मुंबईचा गव्हर्नर. 1827 साली तो निघाला तेव्हा शेठ-सरदारांनी त्याच्या नावाने दोन लाखांवर वर्गणी जमवली. त्यातून जी संस्था उभी राहिली तिच्यातून 1856 साली कॉलेज आणि हायस्कूल वेगळे झाले. या साहेबाने शिक्षणावर टिपण लिहिलं होतं. मिशनऱ्यांना खालच्या जातीची पोरं सगळ्यात चांगले विद्यार्थी वाटतात, हे त्याला ठाऊक होतं. तरी त्यांना खास उत्तेजन द्यायला तो कचरला. शिक्षण आधी त्यांच्यात रुजलं तर वरचे लोक ते शिवणारच नाहीत, अशी भीती. म्हणजे पोरं हुशार आहेत, म्हणूनच जपून. याला म्हणायचं निवड!

आणि 1856 सालीच याच मुंबई इलाख्यात, धारवाडला, एका महार पोराने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. मिळाला नाही. त्याने थेट सरकारकडे अर्ज केला. सरकार म्हणालं, अन्याय होतोय खरा, पण एका पोरासाठी सगळी शाळा ओस पाडायची काय? 1858 साली सरकारने ठराव केला की निव्वळ सरकारी खर्चाच्या शाळा सर्वांना खुल्या. मात्र जिथे वर्गणीदारांचा पैसा आहे आणि त्यांचा विरोध आहे, तिथे आमची पोरं घुसवायचा सरकारचा इरादा नव्हता. गरज पडली तर अनुदान रोखायचा हक्क तेवढा राखून ठेवला. 1882 साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी हिशेबच मांडला: सारा भरतो कुणबी, शिकतात कोण?

कागदावर दार उघडलं. त्या दारातून भीमराव रामजी आंबेडकर आत गेले. आत काय होतं? चरित्रकार सांगतात, गणित सोडवायला ते फळ्याकडे निघाले तर फळ्यामागे ठेवलेले डबे उचलायला वर्ग धावला. संस्कृत शिकायची इच्छा, पण ते मिळालं नाही. फारसी घ्यावी लागली. 1907 साली मॅट्रिक. साडेसातशेपैकी दोनशे ब्याऐंशी मार्क. शेकडा अडतीससुद्धा नाहीत. आजचा कोणताही क्लासवाला या पोराला दारात उभा करणार नाही. त्यानंतरचं कोलंबिया, लंडन तुम्हाला पाठ आहे. मार्क कमी पडले ते डोक्यापायी की चाळीतल्या एका खोलीपायी, हे शाळेच्या रजिस्टरात लिहिलेलं नसतं.

आपला जिल्हा तेव्हा वऱ्हाडात, 1905 पर्यंत वणी जिल्हा म्हणून ओळखला जाणारा. इलाखा वेगळा, पण खेळ तोच. आणि तो संपला असं समजू नका. शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्याने खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा गरिबांच्या पोरांसाठी ठेवल्या. 2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळा मोकळी. त्याच वर्षी जुलैत हायकोर्टाने तो रद्द केला म्हणून ठीक. 1858 चे वर्गणीदार आणि 2024 चे संस्थाचालक, भाऊ-भाऊ.

म्हणून या जूनमध्ये एक काम करा. तुमच्या वस्तीतल्या पोराला कुठल्याही शाळेने परत पाठवलं, तर तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, नकार लेखी मागा, तारीख टाका. धारवाडच्या त्या पोराने लेखी अर्ज केला होता. म्हणून सरकारला लेखी उत्तर द्यावं लागलं, आणि तो कागद पुढे आपल्या हाती लागला.