उजेडाची किल्ली कमरेला लावा

बायांनो, मुळशी धरणाच्या भिंतीकडं एकदा डोळे भरून बघा. मुळा आणि नीला नद्यांचं पाणी इथं अडवलं, डोंगराच्या पोटातून खाली कोकणात भिऱ्याला सोडलं, आणि १९२७ पासून त्यावरची वीज मुंबईला गेली. भातखाचरं बुडाली मावळ्यांची, दिवे लागले दुसऱ्यांचे. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, इथं सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्यानं दिली. त्या लढ्यात बायाही उतरल्या होत्या. तरी धरण झालंच.

आज आषाढात ताम्हिणीकडं वारा सुटला, तारेवर फांदी मोडली, की वाडी पुन्हा चिमणीच्या उजेडात.

सौर दिवे आले ना, असं कोणी म्हणेल. आले. एका वाडीच्या समाजमंदिरावर मी ते पॅनेल पाहिलं. वर शेवाळ, आत उंदरानं कुरतडलेली वायर, बॅटरीच्या टोकांवर पांढरी पूड. बसवणारा फोटो काढून गेला, तो गेलाच. एका मावशीनं ओला पदर काचेवर फिरवला आणि म्हणाली, "आमाला सांगितलं आसतं, तर रोज पुसलं आसतं." पॅनेल नासकं नव्हतं. ते कुणाचंच नव्हतं.

आणि राखायचं कसं, हे तुम्हाला कोण शिकवणार? देवराईतली वाळकी काटकीसुद्धा घरी न नेणाऱ्या तुम्ही. माळावर वणवा पेटला की ओल्या डहाळ्यांनी झोडपून विझवणाऱ्या तुम्ही. राजस्थानात तिलोनियाला अक्षरओळख नसलेल्या बाया सौरदिव्यांची सर्किटं जोडायला शिकल्या. मग पेचकस धरायला मुळशीचा हात का लाजावा?

रान राखणाऱ्याचा हक्क कायद्यातही आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात घराच्या वनपट्ट्यावर नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लागतं. त्याच कायद्याच्या कलम ३(२) मध्ये गावाला लागणाऱ्या सोयींसाठी १ हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते, हेक्टरी ७५ च्या वर झाडं न तोडता. त्या यादीत अपारंपरिक ऊर्जाही आहे. शिफारस करायची ती ग्रामसभेनं. कातकरी वाड्यांसाठी तर २०२३ ची पीएम-जनमन योजना आहे. तार न पोचलेल्या घरांना सौर दिवे देण्याची तरतूद तिच्यात आहे.

पावसाळ्यात सूर्य दिसत नाही, हे खरंच. म्हणून बॅटरी दणकट मागा, बल्ब कमी मागा, टीव्हीचा हट्ट सोडा. (घरातल्या पुरुषांना हे तुम्हीच सांगा.)

येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला मागच्या सतरंजीवर बसू नका. ठराव लिहून न्या: पॅनेल बचतगटाच्या ताब्यात, दुरुस्तीचं शिक्षण वाडीतल्या दोघी-तिघींना, आणि बॅटरीच्या पेटीची किल्ली बाईच्या कमरेला. ग्रामसेवक "पुढच्या वेळी बघू" म्हणाले, तर इतिवृत्तात नोंद होईपर्यंत उठू नका.