भुताच्या हाती जमीन

रामसे बंधूंचा 'हॉटेल' १९८१ सालचा. कमी पैशांतला भुताचा सिनेमा. गोष्ट एवढीच : लबाडीनं कब्रस्तानाची जमीन घेतात, तिथं हॉटेल उभं करतात, आणि मेलेले उठून हिशेब मागतात.

बीड जिल्ह्यात राहणाऱ्या मला ही जमिनीचीच गोष्ट वाटते. आपलं प्रेत स्मशानाच्या वाटेवर आजही अडवलं जातं. मेल्यावरही दोन हात जागा मिळू नये, याहून भयानक काय दाखवणार हे?

पण सिनेमाला तिथं थांबायचंच नाही. जागा कुणी लाटली, कागद कसे झाले, हे झटपट उरकायचं. मग गाणी, धूर, करकरणारी दारं. मुखवटा स्वस्तातला आहे, त्याचं मला काही नाही. १९७२ चा 'दो गज जमीन के नीचे' याच भावांनी तुटपुंज्या पैशांत काढला होता. पैसा नसणं हा गुन्हा नव्हे. खोट नजरेत आहे.

न्याय भुतानं करायचा, तर जित्या माणसांनी काय टाळ्या पिटायच्या? १९६४-६५ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहात लाखो जिती माणसं तुरुंगात गेली. त्यांनी कुठल्या भुताची वाट पाहिली नाही.

आणि भुताची भीती सोसतं कोण? भानामतीच्या नावानं मराठवाड्यात बाया झोडल्या गेल्या. जादूटोण्याविरुद्ध कायदा व्हायला २०१३ साल उजाडलं.

सिनेमा संपला की भूत जातं. सातबारा तसाच राहतो. गड्यांनो, तो वाचा.