निश्चय केला, रांग मोडली

नवी मुंबईकराला रांगेत उभे राहता येत नाही. हे आम्ही रागाच्या भरात लिहीत नाही. पगार झाल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी, संध्याकाळी साडेसात वाजता, शहरातल्या एका भल्यामोठ्या किराणा दुकानात पाऊण तास ताटकळल्यावर, अगदी शुद्धीवर लिहीत आहोत. या शहराने स्वच्छ सर्वेक्षणात २०२० साली देशात तिसरा क्रमांक पटकावला, २०२३ च्या सर्वेक्षणात पुन्हा तोच मिळवला. ‘निश्चय केला, नंबर पहिला’ ही महापालिकेची घोषणा इथल्या भिंतींवर रंगवून झाली. नागरिकाने ती मनावर घेतली खरी, पण घेतली ती बिलाच्या काउंटरवर.

काय पाहिले ते सांगतो. डाळ-तांदळाच्या बोळात एक ट्रॉली आडवी लावलेली, आणि तिच्या दोन अंगांना दोन कुटुंबे मुलांच्या क्लासच्या फीवर चर्चा करत उभी. मागे सहा जण तिष्ठत. ‘जरा जाऊ द्या’ म्हटले तर वर मान करून असे पाहिले, जणू आम्ही त्यांच्या दिवाणखान्यात चपला घालून शिरलो. दुसऱ्या ट्रॉलीत पाच वर्षांचे चिरंजीव बुटांसकट उभे. त्याच जागी उद्या कुणाची तरी कोथिंबीर पडणार, हे त्यांच्या आईवडिलांच्या गावीही नाही. एक गृहस्थ द्राक्षांची पेटी उघडून घडातली द्राक्षे चाखत होते. एक नाही, दोन नाही, चांगली मूठभर. चाखून झाल्यावर त्यांनी केळी घेतली.

भेंडीसमोर तर कत्तलखाना होता. एकेक भेंडी उचलायची, टोक कटकन मोडायचे, मोडले की परत ढिगात टाकायची. टोक मोडलेली भेंडी दुसरा कुणी घेत नाही, आणि मोडणाराही घेत नाही. या पापात आमचाही वाटा आहे, कबूल करतो. भेंडी मोडून बघायची हे आम्हाला आईने शिकवले. पण तेव्हा समोर टोपलीमागे भाजीवाली बसलेली असे आणि तिसऱ्या भेंडीला ती हातावर सरळ फटका मारी. इथे फटका मारायला कुणी नाही. सगळी गोम तिथेच आहे.

टूथपेस्टच्या मागे पनीरचे पाकीट सापडले. बिस्किटांच्या फळीवर आइस्क्रीमचा डबा घाम गाळत बसला होता. नको असेल तर नको, कुणाची सक्ती नाही. पण ज्या फ्रीजमधून काढले तिथवर वीस पावले परत जायचे, तर पायांना काय मेहंदी लावली होती? ते पनीर रात्री कुणाला तरी सापडते, फेकले जाते, आणि त्याची किंमत कुठल्या ना कुठल्या वाटेने तुमच्याआमच्याच बिलात येऊन बसते. पुणे-नाशिकच्या शेतातून रात्रभर ट्रकने वाशीच्या बाजार समितीत येणाऱ्या मालाचे शेवटचे हाल ग्राहकाच्या हातून व्हावेत, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही.

आणि मग रांग. तिथे नवी मुंबईची सारी बुद्धिमत्ता उफाळून येते. एक बाई रिकामी ट्रॉली घेऊन रांगेत उभ्या. रिकामी! यजमान दुकानभर फिरून सामान आणून त्यात टाकत आहेत. म्हणजे खरेदी व्हायच्या आधीच नंबर लागलेला. दुसरे एक काका हातात शाम्पूची बाटली नाचवत थेट पुढे आले, ‘एकच वस्तू आहे हो!’ त्यांना वाट दिली तोच मागून चिरंजीव पंधरा लिटर तेलाचा डबा घेऊन हजर, आणि त्यांच्यामागे काकू, भरलेल्या टोपलीसह. तिसऱ्या बाईंना बिल होईपर्यंत आठवत नाही की पैसे द्यायचे असतात. रक्कम कळल्यावर फोन खिशातून निघतो, मग चार्जिंग दिसते, मग नेटवर्क शोधले जाते, मग ‘एक मिनिट, मिस्टरांना पाठवायला सांगते’. मागे हातात एक पाव आणि दुधाची पिशवी धरून एक आजोबा उभे होते. त्यांना कुणीही पुढे घेतले नाही.

‘अहो, देश जळतोय, महागाई भडकली आहे, आणि तुम्ही अग्रलेखात भेंडी घेऊन बसलात?’ असे विचारणारे वाचक असतील. त्यांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढणाऱ्या आगरकरांची आठवण ठेवावी. स्त्रियांनी जाकिटे घालावीत की नाही यावर त्यांनी निबंध लिहिला होता आणि तेव्हाही लोक हसले होते. समाजाचा कस रोजच्या अंगावरच्या, हातातल्या, पायातल्या गोष्टींत लागतो. किराण्याचे दुकान तर त्याहून मोठी परीक्षा आहे. का, ते ऐका.

आपल्या आजोबांच्या काळातले वाण्याचे दुकान आठवा. मध्ये फळी, फळीमागे गोण्या आणि वाणी. गिऱ्हाइकाचा मालाला हात लागायचा नाही. कुणाला आधी द्यायचे, कुणाला खालचा माल द्यायचा, कुणाला तासभर ताटकळत ठेवायचे, हे फळीमागचा माणूस ठरवी, आणि तो ते समोरच्याची जात, जमीन आणि वहीतली उधारी बघून ठरवी. पाटलाचा गडी उशिरा आला तरी आधी सुटे. गावोगाव दलित गिऱ्हाइकाला पायरीखाली उभे केले जाई, पैसे लांबून ठेवायला लावत, आणि मीठ-मिरची वरून पदरात टाकत. ही पुराणातली कथा नव्हे. ज्यांच्या पदरात ते मीठ पडले, त्यांतली माणसे अजून आपल्यात आहेत.

ती फळी मोडली गेली ही साधी गोष्ट नाही. अमेरिकेत मेम्फिस शहरी १९१६ साली क्लॅरेन्स साँडर्स नावाच्या दुकानदाराने गिऱ्हाइकाला आत घेतले आणि सांगितले, तुमच्या हाताने घ्या. १९३७ साली ओक्लाहोमा सिटीतल्या सिल्व्हन गोल्डमनने गिऱ्हाइकाच्या हाती चाकांची गाडी दिली. आपल्याकडे १९४८ साली नायगावच्या कामगार वस्तीत सहकारी तत्त्वावर अपना बाजार उभा राहिला. पुढे १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारपाजारच्या घरांचे संघ बांधले. महिन्याचा माल एका घरी उतरवायचा, सभासदांनी आपल्या हातांनी वाटून घ्यायचा, हिशेब चोख ठेवायचा. तिथे फळी नव्हती, पहारेकरी नव्हता, आणि तरी ज्याची साखर त्याच्याच घरी जात होती. आपल्या नेरूळचाही या इतिहासात वाटा आहे. राधाकिशन दमाणी यांनी १९९९ साली अपना बाजारची फ्रँचायझी चालवून पाहिली ती नेरूळमध्ये. पवईतले पहिले डी-मार्ट त्यानंतरचे, २००२ चे. आज सारा देश ज्या तऱ्हेच्या दुकानांतून ट्रॉली ढकलतो, तिचा एक धडा आपल्या सेक्टरांत गिरवला गेला आहे.

या दुकानाच्या दारात कुणी जात विचारत नाही. साहेब आणि साहेबांचा ड्रायव्हर एकाच फळीवरून एकाच भावाने तूरडाळ उचलतात. आणि शेवटी सगळ्यांनी एका रांगेत उभे राहायचे. जो आधी आला त्याचे बिल आधी. इतकी साधी समता आपल्या देवळांना जमली नाही. तिथेही पैसे मोजले की दर्शनाची वेगळी वाट उघडते. ती समता या दुकानात फुकट मिळते. आणि आपण तिचे काय करतो? शाम्पूची बाटली नाचवत पुढे घुसतो! जो माणूस रांग मोडतो तो घाईत नसतो हो. घरी जाऊन तो मालिकाच बघणार असतो. त्याला एवढेच सिद्ध करायचे असते की आपण रांगेतल्या माणसांपैकी नाही. मोडून टाकलेली फळी तो स्वतःपुरती पुन्हा उभी करतो आणि तिच्या आतल्या बाजूला जाऊन बसतो. याला बेशिस्त म्हणणे सौम्यपणा झाला. हा जुना सरंजामी माज आहे, क्रेडिट कार्ड घेऊन आलेला.

आता लोकसंख्येचे आणि अडाणीपणाचे रडगाणे कुणी लावू नये. रेशनच्या आणि रॉकेलच्या रांगेत याच मुंबई परिसरातल्या बायकांनी उन्हातान्हात उभे राहून डबे भरले. त्यांनीच १९७२ च्या सुमारास मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकरांच्या मागे लाटणी घेऊन मोर्चे काढले. त्यांतल्या कितीजणी शाळेत गेल्या होत्या? त्याच बायकांच्या एमबीए नातवाला पाच माणसांची रांग झेपत नाही. आणि लांब कशाला, मार्च २०२० आठवा. दुकानांपुढे चुन्याचे गोल आखले होते. प्रत्येक माणूस आपापल्या गोलात तोंड झाकून, पिशवी धरून, मुकाट उभा होता. तोच सेक्टर, तोच माणूस. तेव्हा त्याला मरणाची भीती होती. भीती गेली, गोल पुसले, आणि माणूस पहिल्यासारखा झाला. शिस्त आपल्याला येते. ती दुसऱ्या माणसासाठी पाळायची असते, एवढेच कळत नाही.

दुकानदारांनाही आम्ही सोडणार नाही. बिलाचे दहा काउंटर बांधायचे आणि शनिवारी संध्याकाळी चार उघडायचे, ही कुठली व्यवस्था? उरलेल्या सहांच्या साखळ्या काय शोभेला? प्रत्येक काउंटरला वेगळी रांग लावून ‘शेजारची भरभर सरकते’ ही हुरहुर लोकांच्या मनात पेटती ठेवायची, त्यापेक्षा बँकेसारखी एकच रांग करा आणि जो काउंटर मोकळा होईल तिथे पुढचा माणूस पाठवा. निम्मी भांडणे तिथेच विझतील. मोबाइल नंबरवाचून बिल अडवू नका, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२३ सालीच बजावले, तरी ‘नंबर सांगा’ची भुणभुण थांबत नाही. एकेका गिऱ्हाइकामागे तेवढाच वेळ वाया.

पण दुकानाचे सगळे दोष एका पारड्यात घातले तरी दुसऱ्या पारड्यात ती बिल करणारी मुलगी उभी आहे. शब्दशः उभी. दुपारपासून. विक्रेत्यांना बसायला मिळावे म्हणून कोझिकोडच्या बाजारातल्या कामगार बायका लढल्या, आणि २०१८ साली केरळला कायदा बदलावा लागला. २०२१ साली तमिळनाडूने तोच मार्ग धरला. बसण्याचा हक्क कायद्याने द्यावा लागतो, यातच सारे आले. आपल्यातल्या किती ग्राहकांना प्रश्न पडला की हिच्यामागे खुर्ची का नाही? आपल्याला प्रश्न पडतो तो एवढाच की, ‘ए, किती वेळ लावतेस?’ अरे, ‘ए’ कुणाला म्हणतोस? सामान उचलणारा पोरगा ‘छोटू’, रखवालदार ‘ए वॉचमन’. आपल्या लेकीला ऑफिसात कुणी अशी हाक मारली तर हाच बाप तक्रार अर्ज लिहील! केरळसारखी खुर्ची महाराष्ट्रातल्या प्रत्येक काउंटरमागे आली पाहिजे आणि तिची मागणी कामगार संघटनेच्याही आधी ग्राहकांनी केली पाहिजे. सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर पाण्याची वेळ आणि सुप्रभात पाठवून झाले असेल, तर एकदा हेही लिहा.

त्या शनिवारचे शेवटचे सांगायचे राहिले. शाम्पूवाले काका पुढे घुसले तेव्हा त्या मुलीने, आवाज न चढवता, म्हटले, ‘काका, लाइन तिकडून आहे.’ काका भडकले. ‘तू मला शिकवणार? मॅनेजरला बोलाव.’ मॅनेजर आला. त्याने काकांची माफी मागितली, शेजारच्या बंद काउंटरची साखळी काढली आणि काकांचे बिल स्वतः करून दिले, तेलाच्या डब्यासकट. मुलगी खाली मान घालून पुढच्याची तूरडाळ स्कॅन करू लागली. रांगेत तीसएक माणसे होती. एकानेही तोंड उघडले नाही. आजोबांनी पाव या हातातून त्या हातात घेतला. आमच्या हातात दोन किलो पोहे होते, आणि त्या गप्प बसलेल्या तिसांत आम्हीही होतो.