मी त इथंच होतो नं भाऊ

मागच्या दिवाळीनंतर सौ.च्या मनगटाला प्लास्टर घालावं लागलं, हे नातेवाइकांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. कसं काय झालं असं कुणी विचारलं की मी एकच उत्तर देत आलो, "अंधारात एक बिनदिव्याचा ट्रॅक्टर आडवा आला." सगळे हळहळले, ट्रॅक्टरवाल्यांच्या नावाने बोटं मोडली आणि विषय संपला.

आज ती गोष्ट दुरुस्त करायची आहे. ट्रॅक्टर आडवा वगैरे काही आला नव्हता. तो त्याच्या वाटेने सरळ चालला होता.

झालं असं. भाऊबीज आटोपून आम्ही अमरावतीहून अकोल्याला परत येत होतो. संध्याकाळचे साडेसहा वाजलेले. सौ. मागच्या सीटवर, मांडीवर माहेरचा शंकरपाळ्यांचा डबा. लेक माझ्या शेजारी. मूर्तिजापूर सोडलं, काटेपूर्णा अजून यायची होती. रस्ता गुळगुळीत, काटा ९० वर. माझ्या पुढे एक भलीमोठी एसयूव्ही होती आणि तिनं डावीकडे सरकून मला वाट द्यावी म्हणून मी तिच्या मागे लागलो होतो. मागे लागलो म्हणजे किती? तिच्या काचेवरचं 'आईचा आशीर्वाद' मला चष्म्याशिवाय वाचता येत होतं. दोन वेळा डिप्परही मारला.

लेक एवढंच म्हणाली, "बाबा, थोडं मागे राहा ना." मी म्हटलं, "अगं, मागे राहिलं की कुणीतरी मध्ये घुसतं."

आणि ती एसयूव्ही एकदम डावीकडे गेली. मला वाटलं, चला, दिली एकदाची साईड! पुढच्याच क्षणी हेडलाइटच्या उजेडात समोर पांढरा डोंगर उभा. कापसाने भरलेली ट्रॉली. कापूस इतका बाहेर आलेला की मागचे दिवे असतील तरी दिसणं शक्य नाही. डावीकडे एक बस बरोबरीने चाललेली, उजवीकडे डिव्हायडर. उरला फक्त ब्रेक. तो मी अक्षरशः उभा राहून दाबला. गाडी ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबली. मी 'हुश्श' म्हणायच्या आत मागून धाडकन आवाज आला. माझ्या मागे लागलेली गाडी माझ्यावर आदळली होती. सौ. पुढच्या सीटवर आपटली, मनगट दुमडलं आणि गाडीभर शंकरपाळे.

मी उतरलो तो थेट मागच्या गाडीकडे. तिशीतला मुलगा होता. "अरे, इतकं चिकटून चालवतात का गाडी? समोरच्याने ब्रेक मारला तर काय करशील, एवढी अक्कल नाही?" असं बरंच काही बोललो. तो घाबरलेला होता, पण एवढं म्हणालाच, "काका, तुम्हीच एकदम ब्रेक मारला."

मग मोर्चा ट्रॅक्टरकडे. तो म्हातारा उतरून आधी सौ.ला पाणी देत होता. मी ओरडलो, "कुठून आलास एकदम?" तो शांतपणे म्हणाला, "मी त इथंच होतो नं भाऊ. पुढं गाडी होती म्हून तुमाले दिसलो नाई."

त्या रात्री मला त्या वाक्याचा फक्त राग आला. पुढे दीड महिना सौ.च्या हाताला प्लास्टर होतं आणि पोळ्या मी लाटत होतो. तेव्हा ते वाक्य हळूहळू समजलं. तो खरंच तिथंच होता. एसयूव्हीवाल्याला तो दिसला आणि तो बाजूला झाला. मला दिसला नाही, कारण मी माझी खिडकी एसयूव्हीच्या पाठीला लावून बसलो होतो.

थोडं गणित करू. (बँकेत आयुष्य गेलं, तेवढं चालवून घ्या.) ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. संकट दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो, म्हणजे २५ मीटर तर काही न करताच संपले. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर, पूर्ण ब्रेक लावून थांबायला आणखी चाळीस-पंचेचाळीस. एकूण झाले साधारण ७० मीटर. मी एसयूव्हीपासून फार तर आठ-नऊ मीटरवर होतो, म्हणजे माझ्याकडे सेकंदाचा एक तृतीयांश भाग होता. वाचलो ते एवढ्याचसाठी की ट्रॅक्टर उभा नव्हता, हळू का होईना चालत होता. तिथे बंद पडलेला ट्रक असता तर हे लिहायला मी नसतो.

मजा म्हणजे माझा वेग कायद्यात होता. २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कारला १०० ची मुभा आहे. कायद्याबाहेर होतं ते अंतर. समोरची गाडी अचानक हळू झाली किंवा थांबली तरी टक्कर होऊ नये इतकं 'पुरेसं' अंतर ठेवा, हे आपल्याकडे १९८९ च्या नियमांत लिहिलेलं होतं. त्यांच्या जागी २०१७ मध्ये नवे नियम आले, त्यातही तीच अपेक्षा आहे. पण पुरेसं म्हणजे किती? वेग मोजायला डॅशबोर्डवर काटा आहे, रस्त्यावर कॅमेरे आहेत. अंतर मोजायला काहीच नाही, म्हणून ते कुणी मोजत नाही. जर्मनीत असलेला माझा भाचा सांगतो, तिकडे काट्याच्या निम्मं अंतर ठेवायचं. १०० चा वेग तर ५० मीटर. आणि ते मोजून दंडाची पावती घरी येते. इंग्लंडमध्ये दोन सेकंदांचा नियम शिकवतात. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मोजायला लागायचं, दोन सेकंदांच्या आत आपण त्या खांबाशी पोचलो तर आपण फार जवळ आहोत. पाऊस असेल तर दुप्पट.

आपल्याला हे का जमत नाही? 'लोकांना शिस्त नाही' असं म्हणून मोकळं होता येतं. मीही तीस वर्षं तेच म्हणत आलो आणि लोकांमध्ये मी स्वतःला कधी धरलं नाही. आता वाटतं, कारणं जरा खोल आहेत.

आमच्या पिढीने गाडी चालवायला घेतली ती दुपदरी सहा नंबरवर. हजिरा ते कोलकाता असा तो राष्ट्रीय महामार्ग ६, पुढे नंबर बदलून ५३ झाला. त्या रस्त्यावर ट्रकच्या मागे चिकटून राहणं हीच गाडी चालवण्याची विद्या होती. उजवा पदर समोरून येणाऱ्यांचा, तो आपण क्षणभर उसना घ्यायचा. ट्रकच्या मागे दबा धरून बसायचं, हॉर्न द्यायचा, ट्रकचा क्लीनर खिडकीतून हात हलवून 'ये' म्हणाला की सुटायचं. मागे राहिलात तर संधी गेली. म्हणजे अंतर न ठेवण्याचं शिक्षण आम्हाला रस्त्यानेच दिलं. ('हॉर्न ओके प्लीज'वर महाराष्ट्रात २०१५ मध्ये बंदी आली. ट्रकवरची अक्षरं पुसली, पण आमच्या हातातली सवय तशीच राहिली.)

मग चौपदरीकरण. वर्षानुवर्षं रखडलं, लोकांनी खड्डे मोजले, आणि अखेर जून २०२२ मध्ये लोणी ते माना या टप्प्यात १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीचा एक पदर सलग डांबर टाकून गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारच्या नावावर होता. तेव्हा आम्हा अकोला-अमरावतीकरांची छाती कशी फुगली होती! पण पाच दिवसांत पदर तयार झाला तरी तो वापरायचा कसा, हे पाच दिवसांत कोण शिकवणार? आम्ही दुपदरी डोकं घेऊनच चौपदरीवर चढलो. उजवा पदर आता समोरच्याचा नाही, मग तो आपलाच. एकदा त्यात शिरलं की डावीकडे परतायचं नाही, आणि पुढे कुणी असेल तर तो आपल्या मालकीच्या जागेत बसलाय असं समजून त्याच्या पाठीला लागायचं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. 'डावीकडून चाला' म्हणणं सोपं आहे, पण आपल्या डाव्या पदरात काय काय असतं? राँग साईडने येणारी मोटरसायकल, कारण सरळ वाटेने गेलं तर शेताचा रस्ता दोन किलोमीटर वळसा घालून. उभा ट्रक, मागे इशारा म्हणून चार दगड ठेवलेले (ट्रक गेला तरी दगड तिथेच). पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर आणलेला काळ्या मातीचा चिखल, त्यावर ब्रेक मारून पाहा! पायी शेगावला निघालेली मंडळी. एवढं सगळं असताना ट्रकवाला उजव्या पदरातून ताशी पन्नासने जातो तो काही निव्वळ माजाने नाही. आणि माझ्या समोरचा तो ट्रॅक्टर उजवीकडे का होता? पुढे डिव्हायडरमध्ये तोडलेली जागा होती, तिथून त्याला आपल्या गावाकडे वळायचं होतं. म्हणून सर्व्हिस रोड हवेत, गावांसाठी पुलाखालून वाटा हव्यात. ट्रॉलीच्या मागे कापूस कितीही भरला तरी दिसेल असा दिवा किंवा रिफ्लेक्टर हवा, यात दुमत नाही. माझ्या लहानपणी रात्रीच्या बैलगाडीखाली कंदील लटकत असे, ट्रॉलीला तेवढाही नसावा?

पण हे सगळं होईल तेव्हा होईल. तोवर माझ्या हातात काय आहे? एक्सलेटर आणि अंतर, बस.

आपल्या रस्त्याला बऱ्याच ठिकाणी समांतर रेल्वे धावते. तिच्या जुन्या पद्धतीत दोन स्टेशनांमध्ये एका वेळी एकच गाडी. पुढची गाडी पुढच्या स्टेशनावर पोचल्याचं कळल्याशिवाय मागचीला सोडायचं नाही. त्या व्यवस्थेने ड्रायव्हरच्या नजरेवर, अनुभवावर भरवसा ठेवला नाही. रस्ता मात्र सगळं आपल्यावर सोपवून मोकळा झालाय. मी पुढच्याशी किती अंतर ठेवतो, ते सांगणारा सिग्नल नाही, स्टेशनमास्तर नाही. म्हणून ते मीच ठरवायचं आणि मीच पाळायचं.

आता लेकीला दिलेल्या उत्तराकडे येतो. 'मागे राहिलं की कुणीतरी मध्ये घुसतं.' हे मला तेव्हा बिनतोड वाटलं होतं. खरं आहे, घुसतात. घुसू देत. एक गाडी घुसली की मला पुन्हा दोन सेकंद मागे व्हावं लागतं. अकोला ते अमरावती शंभरेक किलोमीटर. वाटेत दहा जण घुसले तर वीस सेकंद. पन्नास घुसले तर शंभर सेकंद, म्हणजे दोन मिनिटंसुद्धा नाहीत. आणि चिकटून चालवून किती मिळवत होतो? काहीच नाही, कारण माझा वेग पुढच्या गाडीइतकाच होता! आयुष्यभर दुसऱ्यांच्या व्याजाचे हिशोब करणाऱ्या माणसाला हा साधा हिशोब साठीनंतर सुचावा, यात काय ते आलं.

खरं तर प्रश्न वेळेचा नसतोच. मध्ये कुणी घुसलं की आपला पाणउतारा झाल्यासारखं वाटतं. आपल्या बोडख्यावर कुणी पाय दिला असं. सगळी गडबड तिथे आहे. रेशनच्या, गॅसच्या, बसच्या रांगेत उभी राहून वाढलेली माणसं आपण. पुढच्याला चिकटून उभं राहिलं नाही तर नंबर जातो, हे अंगात मुरलंय. पण हायवे ही रांग नाही. तिथे शेवटी कुणी खिडकी बंद करत नाही.

मला जास्त टोचतं ते वेगळंच. लेक आता स्वतः गाडी चालवते. ती कुठे शिकली? ड्रायव्हिंग स्कूलने तिला क्लच आणि रिव्हर्स शिकवला. बाकी सगळं ती माझ्या शेजारी बसून वीस वर्षं शिकत होती, डिप्पर कधी मारायचा, कुणाला काय म्हणायचं, किती जवळ जायचं. तिने 'मागे राहा' म्हटलं ते माझ्या शिकवणीमुळे नव्हे, तर माझ्या शिकवणीला न जुमानता. त्याबद्दल तिचे आभार. आणि त्या मागच्या मुलाची मनातल्या मनात माफी मागितली आहे. त्याला झापताना मी जे जे बोललो ते शब्दन् शब्द खरं होतं, फक्त पत्ता चुकला होता.

सौ.चं मनगट आता बरं आहे. थंडीत दुखतं, तेव्हा ती काही बोलत नाही, फक्त माझ्याकडे बघते. असो.

परवा पुन्हा अमरावतीला गेलो. शक्य तिथे डाव्या पदरात, पुढच्या गाडीला दोन सेकंद सोडून. सौ. मागून मोठ्याने मोजत होती, "एक हजार एक... एक हजार दोन..." बडनेऱ्यापर्यंत बारा गाड्या मध्ये घुसल्या. म्हणजे चोवीस सेकंद. पोचल्यावर मेहुणा दारातच म्हणाला, "भाऊजी, आज उशीर केला."

केला खरा.